उकळलेलं औषध

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात सोलापुरातल्या एका दवाखान्यात शिवबाई रक्ताच्या जुलाबांनी झिजत होती. सगळ्या गोळ्या हरल्या, तेव्हा डॉक्टर होटकरबाईंनी वेगळीच वाट धरली. जंतूंनाही खाणारे जीव असतात, जंतूंहून कितीतरी बारीक. पण ते भारी हट्टी. एक जात एकाच जंतूवर तुटून पडते, शेजारच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. बाईंनी गावभरच्या गटारांचं पाणी तपासलं. शेवटी नवी पेठेमागच्या गटारात हवे ते जीव सापडले. त्यांना वाढवून, नीट गाळून बाईंनी बाटल्या भरल्या. पोटातल्या आंबटानं ते मरतात, म्हणून आधी सोड्याचं पाणी पाजायचं होतं. हे पाजायचं काम शिवबाईची आई करी, अक्कलकोटकडची नागम्मा.

पण गुण येईना. पोरीचे डोळे खोल गेले. काचेच्या बशीत हेच औषध जंतूंचा फडशा पाडत होतं, मग पोटात काय बिघडत होतं? विचार करतच बाई व्हरांड्यात आल्या, तर नागम्मा स्टोव्हला पंप मारत होती. पातेल्यात औषध खळखळत होतं.

"मावशी, हे काय?"

"दवा उकळते की."

"रोज?"

"मग! तुमीच सांगितलं न्हवं, उकळल्याबिगर पोरीला थेंब द्यायचा न्हाय म्हणून? मी एकदाबी चुकले न्हाय."

बाईंनी झटकन स्टोव्ह विझवला. "चूक माझीच, मावशी. मी पाण्याचं म्हणत होते. औषधातले जीव उकळले की मरतात."

"अय्यो शिवा! जित्ते जीव पाजायचे? आमी लिंगायत, बाई. अंड्याला शिवत न्हाय. कुठनं आणले?"

बाईंना खोटं बोलवेना. "गटारातून."

नागम्मानं तोंडाला पदर लावला. मग आत पाहिलं. शिवबाईला कूसही बदलता येत नव्हती.

"पोरीला खानार न्हाईत न्हवं?"

"नाही. फक्त तिच्या जंतूंना."

"मग घाला की, लवकर!"

शेवटची बाटली उरली होती. नवी तयार होईपर्यंत शिवबाई टिकणार नव्हती. बाईंनी स्वतः सोडा पाजला, थोडं थांबून औषध पाजलं आणि तिथंच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी जुलाब कमी झाले, मग रक्त थांबलं. पुढच्या तपासणीत तो जंतू बाईंनाच काय, औषधालासुद्धा सापडला नाही! बाई ते सांगायला धावतच वॉर्डात शिरल्या, पण त्यांचं ऐकायला कुणाला सवड नव्हती.

"अव्वा, पेज न्हेऊन वत तिकडं! भाकरी दे मला!" शिवबाई उठून बसून आईवर खेकसत होती.

"ऐका गं बायांनो," नागम्मा साऱ्या वॉर्डाला ओरडून सांगत होती, "माझी पोरगी भांडाया लागली!"