कंपनीनंच डावरी काढलेली

मी एक गिटार बोलतेय. इलेक्ट्रिक, काळ्या रंगाची आणि डावरी. हे शेवटचं आधीच सांगून टाकते, कारण माझं निम्मं आयुष्य त्यातच वाया गेलं.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला नीट ठाऊक नाही. खोक्यात घातलं तेव्हा अंधार झाला आणि खोकं उघडलं तेव्हा पुणं आलं होतं. आमच्या कारखान्यात ढीगभर उजव्या गिटारी झाल्या की एखादी डाव्या हाताच्या माणसासाठी काढायचे. उजवा माणूस डाव्या हाताने दांडी धरतो आणि उजव्याने तारा छेडतो. माझं सगळं त्याच्या उलट, आरशात बघितल्यासारखं. ती चूक नव्हती, ठरवून केलेलं होतं. पण हे सांगणार कोण?

मला पहिल्यांदा घेतलं भोरच्या इंद्रजितने. तो कॉलेजात होता. सेलमध्ये मी सगळ्यात स्वस्त होते. का स्वस्त, हे त्याने विचारलंच नाही. स्वस्त वस्तूला माणसं एकच गोष्ट विचारतात, अजून कमी होईल का. घरी जाऊन मोबाईलवर बघत बोटं ठेवायला लागला तेव्हा त्याला कळलं. चार दिवस माझ्यावर चिडचिड केली आणि मग मला कपाटावर टाकलं, मिक्सरच्या रिकाम्या खोक्याशेजारी. तीन वर्षं मी तिथे धूळ खाल्ली. शेवटी मंडळासाठी स्पीकर हवा होता म्हणून नसरापूरच्या जगनला मला देऊन तो मोकळा झाला.

जगनचं साउंड सर्व्हिसचं दुकान. हळदीला, वरातीला त्याचे स्पीकर जायचे. बाजूला दोन-चार गिटारी, ढोलक्या विकायला ठेवलेल्या. मला खिळ्याला टांगलं. गिऱ्हाईक मला काढायचं, मांडीवर घ्यायचं, "हिचं कायतरी उलटं हाय," म्हणायचं आणि परत टांगायचं. पुढे पुढे माझ्याकडे कुणी हात केला की आशा वाटायच्या आधी कंटाळाच यायचा.

अशात एका दुपारी छाया आली. शिवरे गावची सून. वरवे गावाजवळच्या एका छोट्या कंपनीत ती पॅकिंगला जायची. पहिली पाळी सुटून तशीच आलेली. उभं राहून राहून पाय भरून आले होते, म्हणून एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत उभी होती. बरोबर तिची मुलगी वैष्णवी, सहावीतली. शिवऱ्यात एका हळदीला बेंजो पार्टीत कुणीतरी गिटार वाजवली होती. ही पोर जेवायचं सोडून त्याच्यापुढे उभी राहिली. तेव्हापासून घरातला खराटा तिच्या हातात गिटार झाला होता.

आणखी एक गोष्ट मला पुढे त्या घरात राहून कळली. वैष्णवी जन्माची डावरी. पहिलीत असताना तिचा डावा हात ताटात गेला किंवा पेन्सिलीला लागला, की छाया तो रुमालाने पाठीशी बांधून ठेवायची. सासू फुलाबाईंचा तसा हुकूमच होता. पण छायाला स्वतःलाही धास्ती होती. उद्या लोकाच्या घरी जाईल, डाव्या हाताने वाढेल, नावं आईला ठेवतील. वर्षभरात पोरीने हात बदलला. फक्त तिचं लिहिणं मुंगीच्या चालीने व्हायला लागलं. दर परीक्षेला बाई सांगायच्या, हिला येतं सगळं, पण पेपर अपुरा राहतो. आणि बोलणं कमी झालं ते झालंच.

दुकानात जगनने आधी निळी, नवीकोरी गिटार काढून दिली. छायाने ती बोटाच्या पेराने वाजवून बघितली, माठ घेताना बघतात तशी.

"वहिनी, माठ न्हाई त्यो," जगन हसला.

"तडा गेला तर कळाय नगं? आन् करंट मारत न्हाई ना? घर पत्र्याचं हाय."

जगनने टेस्टर आणून तारांना लावून दाखवला. दिवा लागला नाही. तरी छायाने स्वतः एकदा लावून बघितला.

मग वैष्णवीने निळी हातात घेतली, आणि घेताक्षणी उलटी धरली.

"नीट धर," छाया म्हणाली. आवाज तोच, ताटावर दटावतानाचा.

पोरीने गिटार फिरवली. जगनने बोटं लावून दिली. पण उजवा हात तारांवर लाकडासारखा पडून राहिला. पाच मिनिटं असंच चाललं. वैष्णवी हळूच म्हणाली, "आई, ऱ्हाऊ दे. मला न्हाई येत."

ती रडली असती तर छायाला सोपं गेलं असतं. पेपर अपुरा राहिल्यावर पोर हेच बोलायची, अगदी याच आवाजात.

जगनने माझ्याकडे बघितलं. "एक डावरी पडून हाय. वापरलेली. कुणी घेत न्हाई, म्हनून हिच्या निम्म्यात दीन. पन तुमची पोर डावरी हाय का?"

छायाने दाराबाहेर बघितलं, ओळखीचं कुणी नाही ना म्हणून.

मला खाली काढलं. वैष्णवीने मांडीवर घेतलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणी फिरवून बघितलं नाही. तिचा डावा हात तारांवर आला. भीतभीत, घरातून निघून गेलेलं माणूस परत उंबऱ्यात येतं तसा. तार वाजली. पोर आईकडे बघत राहिली, हात मागे घ्यायच्या तयारीत.

छाया जगनला म्हणाली, "आवाज लई व्हतो का हिचा?"

"स्पीकरला जोडली तर. न्हाईतर डासागत."

"मंग तशीच द्या. स्पीकर नगं." कंबरेच्या पिशवीतून तिने रुमालात बांधलेले पैसे काढले. बोनसचे. नवऱ्याला, अजितला, फोनवर एवढंच सांगितलं की स्वस्तात मिळाली.

फुलाबाईंना कळायला दोनच दिवस लागले. पडवीत शेंगा फोडता फोडता त्यांची नजर माझ्या तारांवरच्या वैष्णवीच्या हाताकडे गेली.

"छाया, ही पोरगी परत डाव्या हातावं आली का गं? किती मेहनतीनं मोडली व्हती खोड."

वैष्णवीचा हात थांबला. मला वाटलं, संपलं. आता पुन्हा कपाट, पुन्हा मिक्सरचं खोकं.

छाया आत भाकरी थापत होती. तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली. "आत्या, ती गिटारच डावरी हाय. मोडकी न्हाई, बिघडल्याली न्हाई. कंपनीनंच तशी काढलीया."

"कंपनी बी डावरं काढती व्हय?"

"काढती. मुद्दाम काढती."

"आन् कुणी घेतं का असलं?"

"आमी घेतलं की," छाया म्हणाली. म्हणताना ती माझ्याकडे नाही, पोरीकडे बघत होती. फुलाबाई शेंगा फोडत बसल्या. "जेवताना तेवढं नगं," एवढंच पुटपुटल्या.

त्या संध्याकाळी वैष्णवी उंबऱ्यात अभ्यासाला बसली. दोन ओळी उजव्या हाताने लिहिल्या. मग पेन्सिल खाली ठेवली आणि डाव्या हाताने उचलली. चुलीपुढून छायाचा हात सवयीने वर आला आणि तसाच हवेत राहिला. थोड्या वेळाने तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"आता पेपर तरी पुरा कर," ती म्हणाली.

पोरीची अक्षरं आधी वाकडी, मोठाली आली. पण थांबली नाहीत.

आता मी शिवऱ्याच्या त्या घरात खुंटीला आहे. एक तार तुटली आहे, बाकीच्या गंजायला लागल्या आहेत. स्पीकर कधी येईल माहीत नाही. छाया पाळीवरून येते, दमून भिंतीला टेकते, आणि कधीकधी पोरीचा हात बांधायच्या त्याच रुमालाने माझ्या तारा पुसते.

मी थकलेय. मोठा आवाज आता मला नको. तुमच्या घरात एखादं पोर डाव्या हाताने घास घेत असेल, तर त्याला मारू नका, बांधू नका. एवढंच सांगायला इतकं बोलले. वैष्णवी शाळेतून येतेय, तिची चाल मला ओळखू येते. मला घ्यायच्या घाईत दप्तर टाकायच्या आधीच ती हात धुते, दोन्ही.