खराट्याच्या जागी

धुरपतानं डावीकडं जायचा आव आणला आणि उजवीकडून निघाली. खराटा फसला. तो रोजच फसायचा. मोडक्या खुर्चीच्या पाठीला सुतळीनं उभा बांधलेला, काड्या वर केलेला खराटा दुसरं करणार तरी काय? चेंडूचे दोन टप्पे, मग उजवा पाय, डावा पाय आणि वर. चेंडू उंचावरच्या फळीला टेकला, तिच्यावरच्या लोखंडी कड्याच्या काठावर जरा विचारात पडला आणि बाहेरच्या बाजूनं खाली आला.

"तुजं बी बराबर हाय," ती चेंडूला म्हणाली. "सणाचं कोण काम करतंय."

नागपंचमी होती. परभणीच्या त्या मुलींच्या शाळेत पंचमीला एक पोर फिरकायची नाही. भिंतीपलीकडच्या लिंबाला झोका बांधलेला होता आणि तिकडून बायकांची गाणी येत होती. धुरपता शाळेची बाई. म्हणजे शिकवणारी नव्हे. घरोघर हिंडून मुली गोळा करायच्या, शाळा सुटली की पोचवायच्या आणि मधल्या वेळात झाडलोट करायची. किल्ली तिच्याकडं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा हिवतापानं गेला, तेव्हापासून पंचमीचं तिला बोलावणं नसे. गेली तर कुणी हाकललं नसतं. नुसतं फुगडीची वेळ आली की तिच्यापुढं कुणाचा हात येत नसे.

कडं लावलं होतं हैदराबादहून आलेल्या ड्रिलच्या बाईनं, ग्रेसबाईनं. तिनं पोरींना बास्केटबॉल शिकवला आणि धुरपतानं खांबाआडून बघितला. मग ग्रेसबाईचा तबादला गुलबर्ग्याला झाला. जाताना तिनं चेंडू धुरपताच्या पदरात ठेवला. "पडून राहू देऊ नको याला," एवढंच म्हणाली. नवरा गेल्यापासून धुरपताच्या पदरात कुणी काही घातलं नव्हतं. गुलबर्गा कुठल्या दिशेला आहे हे तिला ठाऊक नव्हतं, पण खेळायच्या आधी ती कुठल्यातरी दिशेला हात जोडायची.

ह्या खेळातली तिला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, त्याला आपल्या गावाचं काहीच माहीत नव्हतं. विधवेनं कड्यात चेंडू टाकू नये असा नेम कुणी घातला नव्हता, कारण नेम घालणाऱ्यांनी कडंच बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर दिवस मावळायच्या आत घातला असता, हेही ती ओळखून होती. म्हणून दाराला कडी लावूनच खेळायची. सासूनं, चतुराबाईनं, नोकरी करू दिली होती ती खालमानेनं जायचं नि खालमानेनं यायचं या बोलीवर. तिच्या कानावर गेलं की किल्ली जाणार, कडं जाणार, आणि मागं उरणार घराच्या चार भिंती.

नेमकी आज कडी लावायची राहिली.

तिनं चेंडू उचलला, वळली, तर दारात चतुराबाई. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"धुरपे, काय करायलीस?"

धुरपतानं पदर सावरला. "काई न्हाई, आत्याबाई. शाळेच्या सदरबाईनं सांगितलं व्हतं, चेंडूत हवा हाय का बघ म्हणून."

"हवा बघायला उड्या माराव्या लागतेत व्हय?"

चेंडू कुठं लपवावा हे धुरपताला कळेना. एवढी मोठी वस्तू बाईमाणसाला लपवता येत नाही. ती खाली मान घालून उभी राहिली, आणि त्यामुळंच तिला सासूचे पाय दिसले. पोटऱ्यांपर्यंत काळा चिखल. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता तर मुरमाचा होता. असला चिखल गल्लीमागच्या विहिरीपाशीच.

"आत्याबाई, हिरीवर कशाला गेल्या व्हत्या?"

चतुराबाई पायरीवर बसली. पदरानं तोंड पुसलं, आणि पुसतच राहिली.

"घरी न्हाईस. देवळात न्हाईस. सणाचा दिस," ती म्हणाली. "आदी हिरीत बघितलं."

पलीकडं झोका उंच गेला असावा. बायका एकदम हसल्या.

"मला लय भ्या वाटलं, धुरपे. मी बी तुज्याच वयाची व्हते तुजा सासरा गेला तवा. पंचमीला जाऊन बसायची काठावर. खाली बघत." तिनं कड्याकडं हात केला. "आमच्या येळंला असलं कायबी नव्हतं. हीर व्हती."

धुरपता तिच्या शेजारी जाऊन बसली. चेंडू दोघींच्या मधे, तान्ह्या पोरासारखा.

"कुणाचा म्हणायचा ह्यो खेळ?"

"लांबच्या मुलखातला हाय."

"आपल्यासारखीला चालत न्हाई, असं हाय का त्यात काई?"

"त्याहिला आपण म्हाईतच न्हाईत, आत्याबाई."

"मंग बरंय," चतुराबाई म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. खुर्चीपाशी जाऊन तिनं सुतळी सोडली, खराटा भिंतीला टेकवला. "ह्यो जागचा हालत न्हाई. याला फसवून काय मोठी झालीस? दाराला कडी लाव. अन् मला सांग, काय करायचं."

"हात वर करायचे. मला जाऊ द्यायचं न्हाई."

"ते तर जलमभर करायलेय," चतुराबाई म्हणाली आणि हात वर केले.

धुरपता आली, डावीकडं झुकली, उजवीकडून निघाली. तर सासू पुढ्यातच उभी. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"कसं कळतंय तुमाला?"

"निघायच्या आदी पदर सावरतीस. खोटं बोलतानी बी तसंच करतीस. हवा बघायलीस म्हणं."

धुरपता हसली. किती दिवसांनी, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिनं पदर कमरेला घट्ट खोवला, दोन्ही हात चेंडूवर ठेवले आणि निघाली. उजवा, डावा, वर. चेंडू फळीला टेकला आणि निमूट कड्यातून खाली आला. चतुराबाईचे हात अजून वरच होते.

"गेला का?" तिनं मागं न बघता विचारलं.

"गेला."

त्यानंतर दर पंचमीला दोघी शाळेत जायच्या. शेजारीण विचारायची तेव्हा चतुराबाई सांगायची, शाळा झाडायला जायलाव. आणि सांगताना पदर मुळीच सावरायची नाही.

पुढं रझाकारांच्या धामधुमीत शाळा बंद पडली. चतुराबाई त्याच्या आदल्या उन्हाळ्यात गेली, झोपेतच. तरी पंचमीला धुरपतानं दार उघडलं, आत जाऊन कडी लावली. त्या वर्षी लिंबाला झोका नव्हता. तिनं मोडकी खुर्ची ओढून आणली, तिला खराटा बांधला, जरा बघितलं आणि पुन्हा सोडला.

मग पदर खोवून ती निघाली. त्या मोकळ्या जागेपाशी आली तेव्हा, वर केलेल्या दोन हातांना धक्का लागू नये इतका वळसा घालून, पलीकडून वर गेली.