तीनशे त्रेसष्ट पाय

मी आहे एक जुनाट संगणक. 'जुनाट' हा शब्द माझा नाही, या घरातल्या दादाचा. माझं वय नऊ. तुमच्यात ते पोर, आमच्यात पणजोबा.

मित्रांनो, कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पोटात एकच ऑपरेटिंग सिस्टीम होती. ती म्हणजे मला कामाला जुंपणारी मालकीण. ती नसेल तर मी नुसता पत्र्याचा डबा. या घरात आल्यावर दुसऱ्याच वर्षी दादाच्या धाकट्या बहिणीने माझ्या हार्ड डिस्कचे दोन भाग पाडले आणि दुसऱ्या भागात दुसरी सिस्टीम बसवली. तिला आकृत्या काढायला जो प्रोग्राम हवा होता, तो तिथे चांगला चालायचा. तेव्हापासून मला सुरू केलं की मी आधी विचारायचो, आज कुणाकडे जायचं? दहा सेकंदांत कुणी उत्तर दिलं नाही तर मुकाट्याने पहिलीकडे. दोन सवतींचा संसार, पण भांडण म्हणून नाही, कारण दोघी एका वेळी कधी जाग्याच नसायच्या. एकच अडचण होती. पहिलीला दुसरीचं अक्षर लागत नसे.

धाकटीचे बाबा बूट शिवायचे. दुकानात टांगलेले नव्हेत. ज्यांचा एक पाय आखूड, ज्यांचा घोटा वळलेला, ज्यांची बोटं गेलेली, अशांसाठी. पायाचा आकार कागदावर कुणीही काढील. बूट कुठे चावतो हे मात्र बूट झिजल्यावरच कळतं. एकेका पायाचं दुखणं कळायला बाबांना चार-चार जोड शिवावे लागले होते.

मग बाबांची नजर जाऊ लागली. तेव्हा बापलेक रोज सकाळी माझ्यासमोर बसू लागले. धाकटी कागदावरचा पाय माझ्यात उतरवायची, बाबा सांगायचे, "शाळेतल्या निवृत्त बाईंची डावी टाच. आतून एक सूत मोकळं सोड. वरून नाही हं, आतून." जिथे दुखतं तिथे ती लाल ठिपका द्यायची. दोन वर्षांत एकशे ब्याऐंशी माणसं झाली आणि पाय तीनशे त्रेसष्ट. हिशेब चुकलेला नाही; एक गृहस्थ एकाच पायाचे होते, पण मिजास चार पायांची.

ते माझे चांगले दिवस. बाबा माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायचे, "हा माझा डोळा." काम संपल्यावर त्यांनी सगळे कागद स्वतःच्या हातांनी फेकून दिले. "कशाला ठेवायचे? वाळवीला आमंत्रण!" नुसते कागदच नव्हे, जे सांगून झालं ते त्यांनी डोक्यातूनही हळूहळू उतरवून ठेवलं. धाकटीने शहाणपणा करून सगळ्याची दुसरी प्रत केली आणि ती ठेवली माझ्याच पोटात, त्याच दुसऱ्या भागातल्या शेजारच्या कप्प्यात. दुसरी किल्ली आत ठेवून घराला कुलूप लावावं, तसं.

दादा घरांचा दलाल. गिऱ्हाइकांना दाखवायला तो रिकाम्या घरांचे व्हिडिओ काढतो. माणूस वाईट नाही. रिकाम्या घराचंसुद्धा दार तो आधी ठोठावतो, मग चावी लावतो. पण त्याच्या व्हिडिओंनी पहिलीचा भाग गच्च भरला. एका दुपारी धाकटी चामडं आणायला गेली होती. दादाने पहिलीतून माझ्या डिस्कची यादी उघडली. दुसरा भाग तिथे दिसत होता. नाव नाही, गाव नाही आणि पुढे लिहिलेलं: शंभर टक्के रिकामा.

पहिली खोटं बोलली नाही, मित्रांनो. तिला वाचता येत नव्हतं, एवढंच. पण वाचता येत नाही असं कोण कबूल करतं?

दादा ओरडला, "बाबा, त्या दुसऱ्या भागात हिचं काही आहे का हो?"

"तिची चित्रं आहेत ना."

"इथे तर काहीच दिसत नाही. रिकामा आहे अख्खा."

"मला काय विचारतोस? मला समोरची भिंत दिसत नाही. तिला येऊ दे."

"अहो, ती आली की नाहीच म्हणणार. तिला जुनी सुतळीसुद्धा टाकवत नाही."

त्याने भाग काढून टाकला. मी विचारलं, नक्की ना? तो म्हणाला, हो. एवढंच विचारायची मला मुभा आहे.

तरी सगळं गेलं नव्हतं. काढून टाकणं म्हणजे दारावरची पाटी काढणं. आत माणसं तशीच असतात, नवा भाडेकरू येईपर्यंत. संध्याकाळपर्यंत तीनशे त्रेसष्ट पाय माझ्यात जागच्या जागी उभे होते. मग दादाने ती जागा पहिलीला जोडली आणि फोनमधले व्हिडिओ आत ओतले. रिकामा दिवाणखाना, रिकामं स्वयंपाकघर, पुन्हा रिकामा दिवाणखाना. त्यांना जागा मीच करून दिली. बाईंच्या टाचेवरून मीच लिहिलं.

सकाळी धाकटीने मला सुरू केलं. कुणाकडे जायचं हे विचारणारी माझी वाचाही दुसऱ्या भागातच होती. मी काळा पडदा दाखवला.

दुरुस्तीवाला आला. त्याने पहिलीला उठवलं. "ताई, पुसल्या पुसल्या बंद केलं असतं ना, तर बरंच निघालं असतं. आता वर लिहिलंय."

दादा म्हणाला, "रिकामं दाखवत होतं गं. शपथ."

बाबा म्हणाले, "तू घरं विकतोस ना? आत माणसं होती रे."

पुढच्या महिन्यात निवृत्त बाई नव्या जोडासाठी आल्या. धाकटीने पायाचा आकार पुन्हा काढला आणि विचारलं, "बाई, कुठे दुखतं?"

"कुठेच नाही! तुझ्या बाबांच्या बुटांत सहा वर्षं पाय आहे हेसुद्धा विसरले मी."

"पूर्वी दुखायचं ते कुठे? आठवून बघा ना."

"सुखात कोण लक्षात ठेवतं, बाळ?"

बाबांनी टाच हातात घेतली, खूप वेळ चाचपली. "आतून होतं की बाहेरून..." म्हणाले आणि हात काढून घेतला. धाकटीने अंदाजाने जोड शिवला. तीन आठवड्यांनी बाई लंगडत आल्या. टाच आतून सोलवटली होती. धाकटीने औषध लावलं, मग माझ्यासमोर बसून एक लाल ठिपका दिला.

मित्रांनो, तुम्हाला वाचता येत नाही ते रिकामं समजू नका. पुसण्याआधी ज्याचं आहे त्याची वाट बघा. दुपारभराचाच प्रश्न असतो. मला या शहाणपणाचा आता काही उपयोग नाही. एक ठिपका झाला. तीनशे बासष्ट पाय अजून दुखायचे आहेत, आणि बाबा शहात्तर वर्षांचे आहेत.