सगळ्यात वरचा प्रोसेसर

मंडळाचा फोन आला तेव्हा मंगळू गावितनं एकच प्रश्न विचारला, "प्रोसेसर कोणता आहे?"

पलीकडचे गृहस्थ गोंधळले. दरवर्षी एखाद्या हॉलमध्ये कार्यक्रम घेऊन ते अंधांना लॅपटॉप वाटत, आणि आजवर हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "अहो, बोलतो तो," ते म्हणाले. "पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

"प्रोसेसर."

खोक्यावरचं बघून त्यांनी सांगितलं. सगळ्यात खालचा होता, तोही जुन्या पिढीचा.

"शाळेतल्या एखाद्या मुलाला द्या," मंगळू म्हणाला. "त्याला अभ्यासाला होईल. माझं काम त्यावर चालणार नाही."

"पण पत्रिकेत तुमचं नाव छापून झालंय!"

"मग खोडा."

त्यानं फोन ठेवून दिला.

मंगळू सुरगाण्याकडचा, डोंगरातल्या पाड्यावरचा. जन्मापासून आंधळा. लहानपणीच नाशिकच्या अंध शाळेत आला आणि शहरातच राहिला. आता इंदिरानगरात एका खोलीत राहून तो ऑडिओ-कथा तयार करायचा. पुण्याची एक कंपनी कलाकारांचे आवाज पाठवायची. त्यांच्याभोवतीचं सगळं जग मंगळू उभं करायचा: एसटीचं दार, विहिरीवरचा रहाट, शेजारच्या घरातला टीव्ही, कुणीतरी दबकत टाकलेलं पाऊल. यातले बरेच आवाज तो आपल्याच खोलीत, माइकसमोर करायचा. एकेका भागात चाळीस-पन्नास आवाजांचे थर एकावर एक बसलेले असायचे, आणि त्या सगळ्यांवरून त्याच्या कानाशी स्क्रीन रीडर बोलत असायचा, कर्सर कुठे आहे, कोणतं बटण आहे, हे सांगत.

जुना लॅपटॉप या ओझ्याखाली अडखळू लागला होता. डोळस माणसाचा लॅपटॉप अडकला तर निदान पडद्यावर चकती गोल फिरताना तरी दिसते. मंगळूचा अडकला की नुसती शांतता. मशीन विचार करतंय की बंद पडलंय, कळायला मार्ग नाही. गेल्या महिन्यात पुण्याची माणसं ऑनलाइन बसून त्याचा एक भाग ऐकत असतानाच ते झालं. तो हाका मारल्यासारखा बटणं दाबत राहिला. शेवटी तिकडून एक बाई फार गोड आवाजात म्हणाल्या, "मंगळू, झेपत नसेल तर सांगा हं. आपण तुम्हाला सोप्या मालिका देऊ."

नवा घ्यायचा तर सगळ्यात वरच्या प्रोसेसरचा लॅपटॉप घ्यायचा, हे तेव्हाच ठरलं. प्रोसेसरच्या पायऱ्या थ्री, फाइव्ह, सेव्हन, नाइन अशा चढत जातात. नाइन. त्याखाली काही नाही.

दुकानात जायला सोबत म्हणून थोरला भाऊ काळू आला. काळू गावाकडून नाशिकला जीप चालवायचा. मंडळाची गोष्ट कळल्यापासून तो घुश्शात होता.

"फुकट मिळत होता तो सोडला, अन् आता इकत घ्यायला निघाला," महात्मा गांधी रोडवर गर्दीतून वाट काढताना तो म्हणाला. "लय मोठा सायेब झाला का तू?"

"साहेब नाय झालो, दादा. काम करतो."

"काम तर मी बी करतो. म्हणून काय विमान घेतो का?"

दुकानात एसीची थंड हवा होती आणि नव्या प्लास्टिकचा वास. मॅनेजर पुढे आले आणि थेट काळूशी बोलू लागले. "या दादा, बसा. यांच्यासाठी बघायचाय? यांना काय लागतं, गाणी, यूट्यूब?"

काळू काही बोलायच्या आत मंगळू म्हणाला, "यांना सगळ्यात वरचा प्रोसेसर लागतो. नाइन दाखवा."

मॅनेजर हसले. वाईट हसणं नव्हतं ते, लहान मुलाशी हसतात तसं होतं. "अहो, नाइन व्हिडिओवाले घेतात, थ्रीडीवाले घेतात. तुम्हाला फाइव्ह भरपूर होतो. उगाच कशाला एवढं?"

"माझं काम काय आहे, माहीत आहे तुम्हाला?"

"नाही. काय आहे?"

"हे आधी विचारायचं होतं ना. मग भरपूर म्हणायचं."

काळूनं त्याचा दंड दाबला. मॅनेजरांनी मात्र वाद वाढवला नाही. त्यांनी मोहिनी नावाच्या एका मुलीला हाक मारली आणि ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

मोहिनीनं फाइव्ह, सेव्हन आणि नाइन असे तीन लॅपटॉप टेबलावर शेजारी शेजारी मांडले. "सर, स्क्रीन जरा तिरकी करू का, नीट दिस..." ती मध्येच थांबली.

"उलट उजेड पार कमी करून टाका," मंगळू म्हणाला. "तेवढीच बॅटरी टिकते."

तिला हसू आलं, मग त्यालाही. दुकानात पाय ठेवल्यापासून पहिल्यांदा त्याचे खांदे सैल झाले.

त्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्याचं सॉफ्टवेअर, स्क्रीन रीडर आणि गेल्या महिन्यात जुना लॅपटॉप जिथं अडकला होता तोच भाग, असं सगळं त्यात होतं. आधी फाइव्हला लावलं. सुरुवात बरी झाली, पण जत्रेचा प्रसंग आला, ढोल, पाळणे, माणसांचा गलका असे सगळे थर एकदम वाजू लागले, आणि स्क्रीन रीडर शब्द गिळायला लागला. मंगळूनं मान हलवली. "हा नको."

सेव्हनवर जत्रा नीट पार पडली. रीडर एकदाही अडखळला नाही. मंगळूनं मुद्दाम आणखी थर चढवले, एकाच वेळी सगळ्यावर इफेक्ट लावले. मशीन जरासं कोमट झालं, पंखा हळू फिरू लागला, एवढंच.

मग त्यानं नाइन जवळ ओढला. त्याच्यासाठीच तो इथवर आला होता. सुरुवातीला खरंच नवल वाटलं. बोट उचलायच्या आत काम झालेलं असायचं. मोहिनीसुद्धा म्हणाली, "बापरे." पण जत्रा मध्यावर आली आणि पातळ बॉडीतला पंखा असा उठला की काळू खुर्चीत पुढे सरकला.

"हा तर सावळघाट चढतोय!"

मंगळू वाट बघत राहिला. पंखा उतरेना. त्यानं सगळे आवाज बंद करून फक्त एक थर वाजवला: म्हातारी झोपेत श्वास घेतेय, तो. तो श्वास पंख्याखाली बुडून गेला. अशा मशीनशेजारी माइक लावायचा म्हणजे प्रत्येक आवाजात हा घरघराट येणार. मोहिनीनं जाड बॉडीतला, गेम खेळणारे घेतात तो नाइनही आणला. त्याचा पंखा तर काही काम नसतानाच घुमत होता.

मंगळूनं हात मांडीवर घेतले.

नेमके तेव्हाच मॅनेजर परत आले. सगळं त्यांनी लांबून पाहिलं असावं. ते काळूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघा, मी म्हणालो होतो ना? यांना नाइनचं काय करायचंय? खरं तर सेव्हनही जास्तच आहे. समजवा तुम्ही यांना."

मंगळूच्या कानशिलात रक्त चढलं. सेव्हन म्हणावं तर हा माणूस म्हणणार, ऐकलं बघा शेवटी. नाइन म्हणावं तर रोज त्या पंख्याशी भांडायचं. आणि आयुष्यभर हेच तर ऐकत आलो, त्याला वाटलं. शाळेत खुर्च्या विणायला बस, तबला हवा कशाला. रेडिओच्या परीक्षेला बसू नको, टेलिफोन ऑपरेटर हो. सगळ्यांनी त्याच्यासाठी पुरेसं काय ते ठरवून ठेवलेलं होतं.

पण आधी काळूच उठला. खुर्ची मागं कर्रकन घासली.

"मी काय समजवू? तो हितं बसलाय, त्याला सांगा की! आल्यापासून माझ्याच तोंडाकडं बघून बोलता." मग तो मंगळूकडे वळला. त्याचा आवाज चढला होता. "मंगळ्या, घे नाइन. मी हाय. सगळ्यात वरचा घे, बघू कोण काय म्हणतो!"

मंगळूला भावाचा जोरजोरात चाललेला श्वास ऐकू येत होता. सकाळपासून कुरकुरणारा हाच माणूस. त्याच्या भरवशावर नाइन म्हणून टाकणं किती सोपं होतं. सगळ्यांसमोर जिंकल्यासारखं झालं असतं.

"नको, दादा," तो म्हणाला.

"का नको?"

"पंखा ऐकलास ना तू? माझं काम कानाचं आहे." मग तो मॅनेजरांच्या आवाजाच्या दिशेनं वळला. "सेव्हन घेतोय मी. तुम्ही म्हणालात म्हणून नाही. तुम्ही तर फाइव्ह म्हणाला होतात. मी तिन्ही वाजवून बघितले, म्हणून घेतोय. आणि रॅम यात बसेल तेवढी सगळी टाका. ती मला पुरेल की नाही, हे सांगू नका."

मॅनेजरांनी बिलाचं पुस्तक पुढे ओढलं. "ठीक आहे," ते म्हणाले. या वेळी ते मंगळूशी बोलत होते. "रॅम बसवायला तासभर लागेल."

तास झाला. खोकं हातात देताना मॅनेजर पुन्हा मोकळे झाले होते. "एक फोटो घेऊ का? दुकानाच्या पेजवर टाकतो. लोकांना प्रेरणा मिळेल. बिलात थोडं कमी करतो त्याबद्दल."

"आज अजून कुणाचा काढलात?"

"काय?"

"सकाळपासून लॅपटॉप घेऊन गेले त्यांच्यापैकी कुणाचा फोटो काढलात?"

"नाही, म्हणजे तसा..."

"मग माझाही नको. बिल पूर्ण लावा."

काळूनं या वेळी दंड दाबला नाही. खोकं उचलून तो दाराकडे निघाला.

जीप मुंबई नाक्यापर्यंत आली. सिग्नलला थांबल्यावर काळू म्हणाला, "एक सांग. शेवटी नाइन नकोच होता, तर भांडला कशाला एवढा?"

"नको म्हणायला आधी तो माझ्यासमोर तर यायला पाहिजे ना, दादा."

काळूनं विचार केला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या तेव्हा त्यानं गिअर टाकला. "मला तर त्याच्या डोक्यात मारावा वाटला, नाइन," तो म्हणाला, आणि दोघंही हसत सुटले.

जत्रेचा भाग मंगळूनं नव्या मशीनवर पुन्हा बांधला आणि पाठवून दिला. गोड आवाजाच्या बाईंचा फोन आला. भाग सगळ्यांना आवडला होता. पुढच्या मालिकेबद्दल बोलताना त्या म्हणाल्या, "एक हलकीफुलकी आहे, आणि एक जरा अवघड आहे, युद्धावरची. तुम्हाला..."

"अवघड पाठवा," मंगळूनं त्यांना वाक्य पूर्ण करू दिलं नाही.

महिन्याभरानं एका दुपारी मोहिनीचा फोन आला. तिला विचारायचं होतं की स्क्रीन रीडरच्या बोलण्याचा वेग कुठून कमी करायचा. दुकानात मांडलेल्या सगळ्या लॅपटॉपवर तिनं तो टाकून ठेवला होता. मॅनेजरांनी दोनदा बंद करायला लावला होता. गिऱ्हाइकं दचकतात म्हणे.

"मग?" मंगळूनं विचारलं.

"मग काय. मी परत चालू केला," ती म्हणाली. "वेग सांगा ना, सर. फारच भरभर बोलतोय तो."

मंगळूनं खुर्ची ओढली आणि तिला एकेक बटण सांगायला सुरुवात केली.