नागपूरला अडकलेलं दुपटं

मोबाईलवर ते पान उघडलं की वर एक छोटा ट्रक दिसायचा आणि खाली तेच वाक्य: पार्सल नागपूरच्या गोदामात पोचले आहे. सकाळी रिंकीला दूध पाजताना तेच, दुपारी तिला थोपटताना तेच. ट्रकची चाकं फिरत असायची, पण ती सगळ्यांच्याच पार्सलवर तशी फिरतात हे मला माहीत होतं. गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावात घरी नेट फक्त जिन्यात यायचं. मी पोरीला मांडीवर घेऊन तिथंच बसून राहायची.

"टरकाकडे पाहून पाहून टरक चालते का वो?" सासूबाई खालून म्हणायच्या. "त्या पोरीले अंगनात तं येऊ दे."

जुन्या लुगड्यांची दुपटी शिवण्यात त्यांचा हात धरणारं गावात कोणी नाही. रिंकी झाली तेव्हा त्यांनी शिवलेल्या दुपट्याचा फोटो मी सहज टाकला आणि लांबलांबच्या बायका विचारू लागल्या. मी बी.कॉम. होऊन घरीच होते. फोटो काढणं, पत्ते लिहिणं, गोंदियाला जाऊन पार्सल टाकणं माझ्याकडे आलं. शिवणं त्यांचं, धास्ती माझी. पार्सल पोचल्याचा निरोप येईपर्यंत मला घास गोड लागत नसे, आणि आजवर प्रत्येक पार्सल पोचलं होतं.

हे दुपटं ऋजुताचं होतं. ती बेंगळुरूची. पहिलं बाळ होणार होतं आणि त्याच्या आधीच तिची आई गेली. आईच्या रोजच्या नेसण्यातल्या सुती साड्या तिनं माझ्याकडे पाठवल्या, सोबत चिठ्ठी: "ताई, प्लीज धुऊ नका. अजून तिचा वास आहे." पिशवी उघडली तर कापूर आणि कसल्याशा तेलाचा वास आला. मी पटकन गाठ मारली. जास्त वेळ उघडी ठेवली तर माझ्याच घरात तो वास संपून जाईल असं वाटलं.

दुपटं तयार झालं तेव्हा मी ठरवलं, याचा विमा करायचाच. कुरिअरच्या खिडकीवर मुन्नालाल असतो, ओळखीचा.

"क्या है इसमें, मैडम?"

"दुपटं. बाळाचं. विमा पाहिजे."

"तो कीमत बोलो. कपडे का बिल दिखाओ."

"कापड विकतचं नाही. तिच्या आईच्या साड्या आहेत. आई वारली."

त्याचा पेन थांबला. "तो मैं क्या लिखूँ? पुराने कपडे की क्या कीमत लिखूँ?"

मागे रांगेतला कोणीतरी हसला. शेवटी आमच्याच शिलाईचं बिल मी तिथल्या तिथं करून दिलं आणि तेवढ्याचा विमा झाला. म्हणजे विमा सासूबाईंच्या टाक्यांचा झाला. साड्यांचा नाहीच.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं, तर त्या कपाळाला हात लावून हसल्या. "निंघाच्या आंधीच हरपाची तयारी! उद्या पोरगी शाळेत धाडशीन तं तिचाबी इमा काढशीन का?"

मी हसले. निघत असता तर काढला असता.

ट्रक नागपूरच्या पुढे गेलाच नाही. टोल फ्री नंबरवरची मुलगी दर वेळी नवीन असायची आणि दर वेळी मला पहिल्यापासून सांगावं लागायचं. मग मी रिंकीला घेऊन बसनं गोंदियाला गेले.

मुन्नालालनं संगणक माझ्याकडे वळवला. "लॉस्ट मार दिया है. आप नसीबवाले हो मैडम, बीमा था. नहीं तो किलो के हिसाब से देते हैं."

"मग आता?"

"आपके फोन पर कोड आएगा. वो दे दो, पैसा खाते में. उसके बाद केस बंद, ढूँढना बंद."

"आणि नंतर सापडलं तर?"

"तो फिर कंपनी का माल. नीलाम में जाएगा."

कोणाच्या तरी आईचं लुगडं लिलावात. तिथंच फोन वाजला, कोड आला. मी फोन पर्समध्ये टाकला आणि म्हटलं, विचार करून सांगते.

परतीच्या गाडीत एकदम सुचलं. काठ! सासूबाई दुपट्यात काठ घेत नाहीत, बाळाला टोचतो म्हणून. काठ उरले असतील, पदराचे तुकडे उरले असतील. त्यातून एखादी छोटी उशी होईल, टोपडं होईल. काहीतरी पाठवता येईल. गोरेगाव येईपर्यंत मला जरा श्वास घेता आला.

सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या.

"आई, त्या साड्यांचे काठ कुठं ठेवले?"

"काऊन?"

"पार्सल हरवलं. ते तरी तिला पाठवू."

त्यांचा हात सुपातच राहिला. मग म्हणाल्या, "जाळले."

"जाळले?"

"मेल्या बाईचं कापड, तेबी परक्या घरचं. लेकरासाठी होतं म्हनून हात लावला. पन उरला धागा घरात ठेवत नसतेत. त्याच सांजेले आंगनाच्या पल्याड जाळलं, वरून पानी शिपडलं." माझ्याकडे पाहून आवाज खाली आला. "तिचा जीव अडकून राह्यला असता ना वो. कोन, कुठची बाई. इथं अडकून काय करन?"

त्यांनी त्या बाईचं जेवढं करायचं तेवढं केलं होतं, तिचं नावही माहीत नसताना.

मग त्याच म्हणाल्या, "बाजारातून तसेच लुगडे आनू. धुऊ धुऊ नरम करू. मी पुन्हा शिवून देतो. तिले काय समजते?"

"आणि वास?"

त्यांनी सूप उचललं आणि आत गेल्या.

ऋजुताला मी फोन केला तेव्हा मागे बाळ रडत होतं. वेळेआधीच झालं होतं. मुलगी.

"दुपटं निघालं ना नागपूरहून?" ती म्हणाली. "हिला मी अजून हॉस्पिटलच्याच कापडात गुंडाळतेय. म्हटलं, पहिलं आईचंच."

मी सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. मी तेच धरून बसले होते, ओरडेल म्हणून. ती बाळाला थोपटत असल्याचं ऐकू आलं.

"तुकडे असतील ना थोडे? शिवताना उरलेले?"

"नाही राहिले."

"एकही नाही?"

"नाही."

"ताई, ते विम्याचे पैसे घेऊ नका," ती म्हणाली. "तुम्ही घेतले की ते शोधायचं थांबवतील. नका थांबवू."

"नाही घेत," मी म्हटलं. "शोधायला सांगते."

पुन्हा गोंदिया. मुन्नालाल म्हणाला, "कोड नहीं दिया आपने? तारीख निकल जाएगी, फिर पैसा भी गया."

"पैसे नकोत. शोध चालू ठेवा."

त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि खिडकीशी वाकला. तो वाईट माणूस नाही. रिंकीला दर वेळी गोळी देतो. "मैडम, ढूँढता कौन है?"

"म्हणजे?"

"मैं एक बार गया हूँ उस गोदाम में. पहाड़ है पार्सल का. पते की चिट्ठी निकल गई तो फिर वो किसी का नहीं. ढूँढने वाला आदमी कंपनी ने रखा ही नहीं. वो 'शोध सुरू आहे' तो कंप्यूटर खुद लिखता है." मग हळूच म्हणाला, "पैसा ले लो. सिलाई तो मिलेगी."

मी घेतले नाहीत. तारीख गेली. सासूबाईंची शिलाई बुडाली, त्यावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. आता नवीन काम आलं की मी कळवते, सध्या बंद आहे. माझे यजमान लोकेंद्र म्हणतात, एका पार्सलनं एवढं काय घाबरायचं. त्यांना मी काय सांगू? मला प्रत्येक पिशवीत कोणाची तरी आई दिसते.

ऋजुताचे निरोप येत राहतात. सोबत मुलीचा फोटो. बाळसं धरलंय, मान धरायला लागली आहे. खाली एवढंच: "काही कळलं?"

पहिल्यांदा मी लिहिलं होतं, "तिथं कोणी शोधतच नाही." पाठवायच्या आधी पुन्हा फोटो पाहिला आणि पुसून टाकलं. लिहिलं, "शोध सुरू आहे."

लगेच उत्तर आलं: "थँक्यू ताई. तुम्ही आहात म्हणून धीर आहे."

तेव्हापासून दर वेळी काहीतरी नवीन सांगावं लागतं. परवा लिहिलं, रायपूरच्या गोदामातही विचारलंय, तिथला माणूस चांगला आहे, स्वतः बघतो म्हणाला. तिनं विचारलं, नाव काय त्यांचं? मी त्यांच्यासाठी दिवा लावेन.

मी लिहिलं, सुकराम.