चौथी खोली

"एक वर्ष बंद आहे घर. एक वर्ष!" त्या घरचा मुलगा तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा फोटोग्राफर न्हाणीघरात उभा होता आणि त्याच्या बोटाला ओला साबण लागला होता.

त्याने बोट पँटला पुसलं. कॅमेरा डोळ्याला लावला. विकायला काढलेल्या घरांची किंमत ठरवणाऱ्या एका ऑफिससाठी तो बारा वर्षं रिकाम्या खोल्यांचे फोटो काढत होता. ऑफिसला फोटोत माणूस चालत नसे, भिंतीवरची तसबीर चालत नसे, दोरीवरचा टॉवेलसुद्धा नाही. कुठली खोली कुणाची, हे संध्याकाळपर्यंत त्याचं त्यालाही आठवत नसे. "तुमच्या फोटोत एखादं भूत तरी येऊ द्या," असं बायको म्हणायची, आणि तो हसण्यावारी न्यायचा.

पण आज त्याच्या मनात पाल चुकचुकली. स्वयंपाकघरातली किटली त्याने सहज हलवल्यासारखी हलवली. कोमट होती.

"बाई येते साफसफाईला," मुलगा दारातून म्हणाला. "चहा करून घेते कधीकधी."

"असेल."

हॉल झाला, दोन खोल्या झाल्या. बोळाच्या टोकाला चौथं दार होतं.

"ते राहू द्या. अडगळ आहे आत. दार फुगलंय, उघडत नाही."

"नकाशात चार खोल्या आहेत, साहेब."

"तीन टाका ना! कोण मोजतंय?"

तेवढ्यात खालून कुणीतरी गाडी काढा म्हणून ओरडलं. मुलाने दोनदा मागे वळून पाहिलं आणि नाइलाजाने जिना उतरला.

फोटोग्राफर दारापाशी गेला. दार फुगलेलं नव्हतं. बाहेरून वरची कडी घातलेली होती. सगळ्या चौकटीवर धूळ आणि कडी तेवढी स्वच्छ. आपल्याला काय करायचंय, असं स्वतःला सांगून तो वळणार, इतक्यात आत कुणीतरी खोकलं. तोंड दाबून खोकावं तसं.

त्याने कडी काढली.

बंद खिडकीशी, खाटेच्या कडेला एक म्हातारी बसली होती. नाकातोंडावर रुमाल घट्ट बांधलेला.

"औषध मारून झालं का?" तिने रुमालाआडून विचारलं.

"कसलं औषध?"

"झुरळांचं. मुलगा म्हणाला, विषारी आहे, हाक मारेपर्यंत बाहेर येऊ नकोस." तिची नजर कॅमेऱ्यावर गेली. "तुम्ही औषधवाले नाही वाटतं."

"नाही, आजी. मी घराचे फोटो काढतो. विकायला काढलेल्या घरांचे."

तिने रुमाल सोडला, त्याची घडी केली, ती घडी पुन्हा उलगडली.

"परवा सह्या घेतल्या माझ्या," ती म्हणाली. "कराचे कागद आहेत म्हणाला. चष्मा दुरुस्तीला दिलाय ना."

"घर कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या. मी नोकरी करून घेतलंय हो."

जिन्यावर पावलं वाजली. कडी परत घालायला अजूनही वेळ होता, आणि हा विचार आपल्याला सुचला याची फोटोग्राफरला लाज वाटली. त्याने ऑफिसला फोन लावला. मुलगा दारात येईपर्यंत तो बोलतच होता.

"घर रिकामं नाही. मालकीणबाई राहतात, आणि त्यांना विक्रीचं माहीत नाही. हो, तसंच लिहा. आणि फाइल थांबवा."

"तुम्हाला फोटो काढायला बोलावलं होतं!" मुलाचा आवाज चिरकला. "आई, तुला काही कळत नाही गं, मी तुझ्याच भल्यासाठी…"

म्हातारी भिंत धरत उठली, मुलाच्या बाजूने बोळात आली आणि हॉलमधल्या खुर्चीत जाऊन बसली. धाप लागली होती. ती ओसरेपर्यंत तिने खुर्चीचे हात धरून ठेवले.

"बसा," ती फोटोग्राफरला म्हणाली. मग मुलाकडे पाहिलं. "घरी आलेल्या माणसाला पाणी विचारलंस?"

मुलगा आत गेला आणि पेला घेऊन आला.

"असा हातात नको आणूस. ट्रे आहे आपल्याकडे."

"कुठे आहे?"

"शोध."

तो परत आत गेला. कपाटांची दारं एकामागून एक उघडल्याचे, बंद झाल्याचे आवाज बराच वेळ येत राहिले.