उपासनेनंतरची गोळी

अनोमाबो गावच्या ख्रिस्ती देवळात उपदेश लांबला, की एखादी बाई मध्येच गाणं उचलायची, सगळी मंडळी ते झेलायची आणि पाळकांना घाम पुसत उभं राहावं लागायचं. ही उचल वर्षानुवर्षं अराबा एसुमनची. मासे खारवून विकणाऱ्या या बाईला देवाने गळा दिला होता, आणि तो कधी वापरायचा याची अक्कलही.

"मावशी, प्रेशर पुन्हा चढलंय. गोळी घेता ना?" दवाखान्यात डॉक्टर क्वान्सांनी विचारलं.

"घेते तर!" अराबा छताकडे बघत म्हणाली, आणि छतापलीकडच्या देवाची तिने मनातल्या मनात माफी मागितली.

"तुमच्यासारख्या शंभर बायका घेतल्या, तर दहा वर्षांत त्यातल्या वीसजणींना हृदयाचा झटका येऊ शकतो."

"कुठून घेतल्यास एवढ्या?"

"म्हणजे... धरून चालू."

"धर. बाकीच्या ऐंशीजणींचं काय होतं?"

"त्यांना नाही येत."

"मग मला त्यांच्यात बसव की. तिथं जागा भरपूर आहे."

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला आणि मीठ, तेल, खारा मासा असा उपदेश सुरू केला. तो लांबला. अराबाने डोळे मिटले आणि गाणं उचललं. बाहेरच्या बाकावरच्या बायकांनी ते झेललं, नर्सबाईंनी टाळ्या धरल्या. डॉक्टरही त्याच देवळात वाढलेले. धृपदाला त्यांचे ओठ आपसूक हलले.

गाणं संपलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "मावशी, आता खरं सांगा. गोळी का सोडलीत?"

"मुतायला लावते मेली! रविवारी सकाळी घ्यावी, तर ऐन रंगात आलेला उपदेश टाकून मला मागच्या दारी पळावं लागतं. परत येते तो एकुआ बेन्ट्सिवाने गाणं उचललेलं. उपाशी शेळीचा आवाज तिचा! प्रभूने तरी किती सोसायचं?"

डॉक्टर टेबलावर डोकं टेकून हसले. "अहो, मग रविवारी उपासना झाल्यावर घ्या! पण चुकवायची नाही. हे आधी का नाही बोललात?"

"तू विचारलंस कुठे? तू त्या शंभर बायकांशीच बोलत होतास."

रविवारी अराबा गोळी रुमालाच्या टोकाला बांधून आली. पाळक काही केल्या उपदेशातल्या योनाला माशाच्या पोटातून बाहेर काढेनात. तिने गाणं उचललं आणि तोऱ्यात एकुआकडे पाहिलं. एकुआ जागेवर नव्हती. लुगडं सावरत मागच्या दाराकडे पळत होती. ती चाल अराबाच्या ओळखीची होती. तिला इतका आनंद झाला, की तो सैतानाच्या नावे टाकून तिने आणखी दोन कडवी गायली. मग ती बाहेर गेली.

"डॉक्टरकडे गेली होतीस?"

"तुला काय करायचंय?" एकुआ फणकारली. "उद्यापासून बंद ती गोळी. तू गायचंस आणि मी पळायचं!"

अराबाने मनात हिशेब केला. आपण बोललो नाही, तर गाणं कायमचं आपलंच. आणि एकुआ? वीसजणींत बसली तर?

तिने रुमालाची गाठ सोडून गोळी दाखवली. "रविवारी उपासना झाल्यावर घ्यायची. डॉक्टरला विचार. पण सोडू नकोस, बये."

"मला कशाला सांगतेस?"

"तू नसलीस तर माझा गळा चांगला आहे हे लोकांना कळायचं कसं?"

आत योना अजून माशाच्या पोटातच होता. एकुआ झपझप पुढे गेली आणि उंबऱ्यावरूनच तिने गाणं उचललं. अराबाने कपाळाला हात लावला. मग झेललं.